लिलिपुटच्या पुढचा गलिव्हर

गलिव्हर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोऱ्यांनी जखडलेला माणूस आणि त्याच्या अंगावर चढलेली, वीतभरही उंची नसलेली सेना उभी राहते. हे चित्र आपल्याला दिले ते मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांनी. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या मूळ ग्रंथात मात्र चार सफरी आहेत. मुलांची पुस्तके बहुधा पहिल्या दोन सफरींवर थांबतात. तरंगते बेट आणि शहाण्या घोड्यांचा देश गळून जातो.

ही काटछाट नवी नाही. लंडनच्या पहिल्या प्रकाशकानेच भीतीपोटी काही मजकूर बदलला होता. १७३५ च्या डब्लिन आवृत्तीत त्यातला पुष्कळसा पूर्ववत झाला.

म्हणून संक्षिप्त पुस्तके टाकाऊ ठरतात काय? मला तसे वाटत नाही. नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्यासारख्याला जाडजूड इंग्रजी ग्रंथ दारातच अडवतो. शंभर पानांचे मराठी पुस्तक हात धरून आत नेते. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठी मुलांच्या हाती दिल्या, हे उपकार थोडे नव्हेत. प्रश्न आहे तो काय कापावे याचा.

लिलिपुटमध्ये अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून युद्ध पेटते. उंच टाचांचा एक पक्ष, बुटक्या टाचांचा दुसरा. दरबारात जागा हवी तर दोरीवर नाचून दाखवावे लागते. हे मुलांना कळणार नाही म्हणून गाळावे, तर ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिलेले आमच्याकडचे कोणतेही पोर त्याचा अर्थ चटकन सांगेल! दुसऱ्या सफरीतला राजा बंदुकीच्या दारूचे रहस्य नाकारतो आणि एका कणसाच्या जागी दोन पिकवणाऱ्याला साऱ्या राजकारण्यांहून थोर मानतो. शेतकऱ्याच्या मुलाला याहून जवळचे काय असेल?

उपरोधाची ही रीत वऱ्हाडाला परकी नाही. खामगाव, जळगाव जामोद येथे वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मधून आपल्या रूढींची अशीच थट्टा केली.

तेव्हा संक्षेपकाराने वर्णने खुशाल कापावीत, उपरोधाचा काटा तेवढा ठेवावा. आणि गाळलेल्या सफरींची हकीकत शेवटी एका पानात सांगावी. कारण खेड्यातल्या कित्येक मुलांच्या वाट्याला तेवढेच पुस्तक येते. त्यांना नुसता बुटक्यांचा खेळ दिला, तर स्विफ्ट त्यांना कधीच भेटणार नाही.