दखल घेणं आणि मान्य करणं

मंडळी, राजनय म्हणजे गोड बोलणं, असा एक समज आहे. तो किती अपुरा आहे हे पाहायला आज १९७२ सालचं शांघाय निवेदन घेऊ.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९४९पासून अमेरिका आणि कम्युनिस्ट चीन यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते. कोरियात तर दोघांची सैन्यं समोरासमोर लढलेली. फेब्रुवारी १९७२मध्ये अध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले. आधीच्या ऑक्टोबरात किसिंजर नेहमीच्या पठडीतला मसुदा घेऊन गेले होते : मैत्रीची भाषा, मतभेदांवर पांघरूण. चौ एन लाय यांनी तो नाकारला. मतभेद आहेत ना, मग ते तसेच लिहू, असं त्यांचं म्हणणं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. खोट्या एकमताचा दुसऱ्याच दिवशी जो तो आपल्या सोयीचा अर्थ लावतो, आणि मग ‘आम्हाला फसवलं’ म्हणून ओरड होते.

खरी गाठ होती तैवानची. चीन एकच आणि तैवान त्याचा भाग, असं बीजिंग म्हणे. तैपेतलं च्यांग कै-शेक यांचं सरकारही तेच म्हणे, फक्त तो चीन आमचा! मग अमेरिकेने लिहिलं काय? सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे चिनी लोक असं मानतात याची आम्ही दखल घेतो, या भूमिकेला आव्हान देत नाही. आता नीट बघा. ‘तुम्ही असं मानता हे मला कळलं’ आणि ‘तुम्ही मानता ते खरं आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. आपल्या दर्शनग्रंथांत पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडतात, म्हणून तो स्वीकारला असं होत नाही. इथे सिद्धान्त मात्र मुद्दामच लिहिला नाही.

ही चलाखी नाही का, असं कुणी विचारेल. थोडी आहेच. १९७९च्या निवेदनात इंग्रजी क्रियापद तेच राहिलं, पण चिनी मजकुरात ‘मान्य करणे’कडे झुकणारा शब्द आला. अमेरिका आपल्या इंग्रजी शब्दाला धरून राहिली. वाद अजून मिटलेला नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. १९७२मध्ये तैवानात लष्करी कायदा होता. तो उठला १९८७मध्ये. ‘दोन्ही बाजूंचे चिनी’ काय मानतात, हे तिथल्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं.