स्मृतिरक्षण : मेध्य औषधीच्या आधी इंद्रियांची द्वारे



वार्धक्यातील विस्मृतीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाकडे पाहताच आपला हात सवयीने ब्राह्मीघृताकडे अथवा सारस्वतारिष्टाकडे जातो. आमचाही जात असे. सुलतानपूर परिसरातील एका खेड्यातून बहात्तर वर्षांच्या आजोबांना त्यांच्या मुलाने आमच्याकडे आणले होते. "डॉक्टरसाहेब, आबा सांगितलेलं सगळं विसरतात, आता तर हरिपाठालाही जात नाहीत," अशी त्याची तक्रार होती. आम्ही नाडी पाहिली, वातवृद्धीचे निदान केले व चार महिने मेध्य कल्प दिले. गुण आला नाही. एके दिवशी आम्ही पाठमोरे उभे राहून त्यांना काही विचारले, तेव्हा उत्तरच आले नाही. कान तपासले, एका कानात मळ घट्ट बसलेला होता आणि दोन्ही कानांची श्रवणशक्ती मंदावली होती. रक्तदाब १७०/१०० भरला. चार महिन्यांत आम्ही तो एकदाही मोजला नव्हता! आबा विसरत नव्हते, त्यांना ऐकूच येत नव्हते. कर्णतज्ज्ञांनी मळ काढला, श्रवणयंत्र दिले आणि आबा पुन्हा हरिपाठात बसू लागले. ही चूक आमची होती. ती इतरांकडून होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

शास्त्राधार

आत्मा, इंद्रिय, मन आणि अर्थ यांच्या सन्निकर्षाने ज्ञान उत्पन्न होते, असे चरकाचार्य सांगतात. शारीरस्थानात त्यांनी स्मृतीची आठ कारणे दिली आहेत. त्यांत निमित्त व रूप यांचे ग्रहण आहे, अभ्यास आहे आणि पुनःश्रुत, म्हणजे पुन्हा ऐकणे, हेही आहे. जे नीट ऐकले अथवा पाहिले नाही त्याची स्मृती होणार कशी? म्हणून स्मृतिरक्षणाचा आरंभ इंद्रियरक्षणाने व्हावयास हवा.

शार्ङ्गधराचार्यांनी वयाच्या दशकांनुसार होणारा ऱ्हास सांगताना मेधेसाठी चौथे आणि बुद्धीसाठी नववे दशक दिले आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की साठीनंतर धावपळ करण्यापेक्षा चाळिशीतच दिनचर्या सुधारावी. आम्ही स्वतः याच वयात असल्याने हे वचन आम्हांसही लागू आहे.

आधुनिक संशोधन काय सांगते?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे १४ टाळण्याजोगे जोखीमघटक सांगितले. त्यांत श्रवणदोष, उपचार न केलेला दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, खिन्नता, डोक्याला मार व एकाकीपण यांचा समावेश आहे. हे सर्व घटक दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता वा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे.

श्रवणयंत्राच्या २०२३ मधील 'अचीव्ह' अभ्यासात सर्व वृद्धांना एकत्र धरता फरक दिसला नाही. मात्र ज्यांची जोखीम अधिक होती त्यांच्यात तीन वर्षांत बौद्धिक ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला. फिनलंडमधील 'फिंगर' अभ्यासात (२०१५) ६० ते ७७ वयाच्या १२६० व्यक्तींपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींची देखरेख असा एकत्रित कार्यक्रम दिला गेला व त्यांना लाभ झाला. एकच गुटिका नव्हे, तर अनेक सवयी एकत्र! यालाच आपण दिनचर्या म्हणतो.

रुग्णास सांगावयाच्या सवयी

१. कान व डोळे : वर्षातून एकदा श्रवण व दृष्टी तपासावी. मोतीबिंदू लांबणीवर टाकू नये. कर्णपूरण शास्त्रोक्त आहे. परंतु कान वाहत असल्यास वा पडद्यास छिद्र असल्यास तेल घालू नये.

२. व्यायाम : अर्धशक्ती व्यायाम. शेतातील कष्ट सुटल्यावर ओट्यावर बसून राहणारे वृद्ध झपाट्याने खचतात. रोज अर्धा तास चालावे.

३. आहार : ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक, लोणचे, पापड व मीठ बेताचे. पूर्ण शाकाहारी वृद्धांत बी-१२ ची उणीव आढळते व तिनेही विस्मृती होते. तिची तपासणी करावी, थायरॉइडचीही.

४. निद्रा : रात्रीजागरणाने रूक्षता व वात वाढतो. झोपण्यापूर्वी पादाभ्यंग करावा.

५. व्यसन : खर्रा, मिश्री, विडी व दारू यांविषयी प्रत्येक भेटीत विचारावे.

६. संगत व अभ्यास : भजन, पारायण, पारावरच्या गप्पा हे अभ्यास व पुनःश्रुतच होत. त्यांच्या जोडीला नातवाकडून मोबाईल शिकण्यासारखे काही नवेही असावे.

७. डोक्याचे रक्षण : दुचाकीवर हेल्मेट, न्हाणीघरात घसरणार नाही अशी फरशी, रात्री वाटेवर दिवा.

औषधविक्रेत्यांस विनंती

मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने आमच्या श्रद्धेची आहेत; परंतु ती विचारपूर्वक द्यावीत. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ते देऊ नये. आसव-अरिष्टांत गूळ व स्वयंजनित मद्यांश असतो, म्हणून मधुमेही ग्राहकास विचारल्याशिवाय बाटली देऊ नये. बाजारात 'ब्राह्मी' या एकाच नावाने दोन भिन्न वनस्पती विकल्या जातात. वेष्टनावरील शास्त्रीय नाव पाहूनच माल घ्यावा. झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. वृद्धांत त्यांनीच विस्मृती वाढते व तोल जातो. रक्तदाब-मधुमेहाची चालू औषधे वैद्यकीय सल्ल्याशिवाय बंद करण्यास कोणी सांगू नये.

सारांश, विस्मृतीचा रुग्ण समोर येताच प्रथम कान, डोळे, रक्तदाब, रक्तशर्करा, निद्रा, व्यसन आणि संगत हे सात प्रश्न विचारावेत. विस्मृती काही दिवसांतच एकाएकी वाढली असेल अथवा बोलण्या-चालण्यात बदल झाला असेल, तर विलंब न करता मज्जातंतुतज्ज्ञाकडे पाठवावे. औषध त्यानंतर. आमच्या आबांचे चार महिने वाया गेले. तुमच्या आबांचे जाऊ नयेत, हीच नम्र विनंती.