आधी दहा पिशव्या, मग शंभर
बोदलकसा येथे बंद खोलीत घेतलेल्या धिंगरीच्या पहिल्या पिकाचा धडा

धानाची मळणी आटोपली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात घरोघरी तणसाचे ढीग उभे राहतात. काही जनावरांच्या पोटात जाते, काही पावसात सडते, तर काही बांधावर पेटवून दिले जाते. याच तणसावर धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, घेता येते हे आम्ही विस्तार कार्यकर्ते अनेक वर्षांपासून सभांतून सांगत आलो आहोत. मीही सांगत होतो. स्वतः मात्र कधी एक पिशवीसुद्धा भरली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात तिरोडा तालुक्यातील बोदलकसा येथे महिला बचत गटाची बैठक होती. बारा जणी होत्या. कर्ज उचलून एकदम शंभर पिशव्या लावायच्या, असे जवळपास ठरले होते. मी माहितीपत्रक वाचून दाखवत होतो. तेवढ्यात मागे बसलेल्या एका बाईने विचारले, "साहेब, तुम्ही आधी करून पाह्यलं का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मंग आमचे पैसे काऊन लावता?"

मी कर्जाचा अर्ज थांबवायला सांगितला आणि भाड्याच्या घरातली मागची खोली रिकामी केली. एका पिशवीस एक किलो कोरडे तणस, याप्रमाणे दहा पिशव्या भरल्या. त्यात जे झाले ते जसेच्या तसे सांगतो.

पहिली चूक तणसाची

ढिगाच्या कडेचे, पावसाने काळपट पडलेले तणस मी फुकट मिळाले म्हणून आणले. अळिंबीला त्याच वर्षाचे, पिवळेधमक, पाणी न लागलेले तणस लागते. जुन्या तणसात दुसऱ्या बुरशीने आधीच घर केलेले असते.

तणसाचे दीड-दोन इंचाचे तुकडे करून रात्रभर भिजवले, इथपर्यंत ठीक होते. त्यानंतर ८० अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवायला हवे होते. मी चुलीवरचे गरम पाणी वरून ओतले आणि पंधरा मिनिटांत काढले. तणस निथळण्याचीही घाई केली. ओलावा बरोबर आहे का, हे ओळखायची साधी खूण आहे. मूठभर तणस घट्ट दाबा. तळवा ओलसर व्हावा, पण पाणी ठिबकू नये. माझ्या मुठीतून धार लागली होती, तरी मी पिशव्या भरल्या.

औषधाच्या पाण्यात भिजवण्याचीही पद्धत आहे. पण ज्या घरात लेकरे वावरतात तिथे गरम पाणीच बरे.

मित्रच वैरी झाला

दहाव्या दिवशी चार पिशव्यांवर हिरवे डाग दिसले. पांढऱ्या बुरशीऐवजी हिरवी बुरशी वाढत होती. ही ट्रायकोडर्मा! हरभऱ्याच्या बियाण्याला लावा म्हणून जी पाकिटे मी शेतकऱ्यांना वाटतो, तीच. शेतात मर रोगापासून पीक वाचवणारी ही बुरशी अळिंबीच्या खोलीत मात्र शत्रू ठरते. आणि उरलेली पाकिटे मी त्याच खोलीतल्या फळीवर ठेवली होती. डाग नेमके तिथूनच आले की अर्धवट शिजलेल्या तणसातून, हे सांगता येणार नाही. दोन्ही चुका माझ्याच होत्या. त्या चार पिशव्या गावाबाहेर नेऊन पुरल्या. हिरवी पडलेली पिशवी खोलीत उघडू नये, नाहीतर बाकीच्याही जातात.

बंद खोली म्हणजे कोंडलेली खोली नव्हे

बियाणे, म्हणजे स्पॉन, तणसात पसरेपर्यंत अंधार आणि २२ ते २८ अंश तापमान लागते. पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते. आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री गार असल्याने मला पंचवीस दिवस लागले. मग प्लास्टिक कापून काढले. इथून पुढे पिकाला उजेड, खेळती हवा आणि ८० टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. थंडी आत येऊ नये म्हणून मी खिडकी बंदच ठेवली. परिणाम असा की दांडे बोटभर लांब आणि छत्री बटणाएवढी. अळिंबीही श्वास घेते. तिने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू कोंडला की छत्री उघडत नाही.

दुसरे म्हणजे मी टाचणीच्या डोक्याएवढ्या कोंबांवर सरळ पाणी मारले. अर्धे कोंब पिवळे पडून गळाले. पाणी भिंतीवर, जमिनीवर आणि टांगलेल्या ओल्या पोत्यांवर मारावे. पिशवीवर फक्त हलका फवारा द्यावा.

उरलेल्या सहा पिशव्यांतून तीन तोडण्यांत मिळून पावणेतीन किलो माल निघाला. एक किलो कोरड्या तणसामागे सहाशे ते आठशे ग्रॅम सहज यायला हवा होता.

विक्रीचा घोर

पहिली तोडणी आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी निघाली. ताजी धिंगरी दोन दिवसांवर टिकत नाही. अर्धी शेजारी वाटली, अर्धी उन्हात वाळवली. दहा किलो ताज्या मालाचा एक किलोच्या आसपास वाळलेला होतो, पण तो महिनोन् महिने टिकतो. लोकही विचारायचे, "ह्या सात्याच ना?" सात्या पावसाळ्यात उधईच्या वारुळावर येतात, त्या खोलीत घेता येत नाहीत. धिंगरी वेगळी आहे, हे एकदा भाजी करून खाऊ घातल्यावर लोकांना पटते.

दुसरा डाव

जानेवारीत पुन्हा दहा पिशव्या भरल्या. नवे तणस घेतले, थर्मामीटर आणला, पाणी तासभर राखले, तणस स्वच्छ ताडपत्रीवर पसरून थंड केले. ओल्या तणसाच्या वजनाच्या दोन टक्के बियाणे थराथराने टाकले. खिडकीला बारीक जाळी लावून सकाळ-संध्याकाळ ती उघडी ठेवली, त्यामुळे माश्याही कमी झाल्या. छत्रीच्या कडा वर वळायच्या आत तोडणी केली. यावेळी सात किलो माल आला. तोडताना नाका-तोंडाला फडके बांधावे. अळिंबीचे बीजाणू हवेत उडतात आणि काहींना त्याने खोकला लागतो.

यात नवे शास्त्र काही नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील बानो आणि श्रीवास्तव यांनी धानाच्या तणसावर धिंगरी घेण्याचे काम १९६२ मध्येच प्रसिद्ध केले होते. सोलन येथे अळिंबीची राष्ट्रीय संस्था आहे, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात संशोधन प्रकल्प आहे, आणि आपल्या जिल्ह्यात हिवरा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. माहिती जवळ आहे, हात मात्र आपला बसावा लागतो.

गावाने काय करावे

शेतकरी बंधू-भगिनींनो, सुरुवात दहा पिशव्यांनी करा. हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा धरा, एप्रिल-मेच्या उन्हात नादी लागू नका. सगळ्या पिशव्या एकाच दिवशी भरू नका. आठवड्याला थोड्या भरल्या तर माल बाजाराच्या दिवसाला जुळवता येतो. बियाणे ताजे आणि पांढरे असल्याची खात्री करा. "सामान आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू" असे सांगणारा कोणी आला तर करार लेखी घ्या आणि त्याचा जुना ग्राहक गाठून विचारा.

ग्रामसेवक आणि बँकेच्या मंडळींना एक विनंती. गटाने दोन तोडण्या स्वतः विकून दाखवल्यावरच मोठ्या कर्जाचा कागद पुढे सरकवावा. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राने माल विकला जात नाही.

बोदलकशाच्या गटाने कर्ज अजून घेतलेले नाही. बारा जणींनी वर्गणी काढून वीस पिशव्या भरल्या. त्यातल्या तीन हिरव्या पडल्या, त्या त्यांनी मला न विचारता ओळखून पुरल्या. प्रश्न विचारणारी ती बाई आता गटाचे तणस निवडते. परवा मी नेलेली एक मोळी तिने हातात घेऊन हुंगली आणि परत केली. म्हणाली, "हे गाईले टाका, साहेब."