आतडी बाहेर, ठपका विळीवर

आतडी पोटाबाहेर घेऊन बाळ जन्मलं, की जळगाव-धुळ्याकडे आधी सुनेची उलटतपासणी होते. ग्रहणात विळीला हात लावलास का? पपई खाल्लीस का?

ग्रहणाचा मुद्दा आधी निकालात काढू. गर्भाची आतडी काही आठवडे नाळेत उतरलेली असते आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परत जाते. पोटाची भिंत घडण्यातला बिघाड तोवर होऊन गेलेला असतो. सातव्या महिन्यातलं ग्रहण त्यात काय करणार?

हे सगळे दोष एकाच जातीचे, हाही गैरसमजच. बेंबीतून आतडी किंवा यकृत पातळ पिशवीसकट बाहेर आलं, तर तो ओम्फॅलोसील. त्यासोबत हृदयाचे किंवा गुणसूत्रांचे दोष बऱ्याचदा आढळतात आणि वय वाढलेल्या आईत त्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. बेंबीशेजारी, बहुधा उजवीकडे, भोक राहून आतडी उघडीच बाहेर आली, तर ते गॅस्ट्रोस्किसिस. त्यात बाकीचं बाळ सहसा धड असतं.

आणि इथेच ‘लवकर लग्न, सुदृढ मूल’ हा लाडका समज उलटा पडतो. जगभरच्या नोंदींत गॅस्ट्रोस्किसिसचं सर्वाधिक प्रमाण विशीच्या आतल्या आयांमध्ये आहे. आईचं धूम्रपान आणि कमी वजन यांचाही संबंध दिसतो. एकेका आईला दोष देण्याजोगं यात काही नाही. विशीच्या आतल्या बहुतेक मुलींची बाळंही निर्दोषच जन्मतात. पण 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार धुळे जिल्ह्यात 20 ते 24 वर्षांच्या सुमारे 40 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा 22च्या आसपास.

अठराच्या आतली मुलगी गरोदर राहिली, की घरचे तिला दवाखान्यात न्यायला कचरतात. पोक्सो कायद्याने डॉक्टरांना पोलिसांत कळवावं लागतं, ही धास्ती. मग नाव नोंदवायला उशीर होतो आणि 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी हुकते. कायद्याने बंदी लिंगतपासणीला आहे, व्यंग शोधण्याला नाही. हे दोष त्या सोनोग्राफीत बहुधा दिसतात. दिसले, तर नवजात बाळांचे सर्जन असलेल्या रुग्णालयात बाळंतपण ठरवता येतं. सिझरच हवं असंही नाही. ते मुख्यतः मोठ्या ओम्फॅलोसीलमध्ये विचारात घेतात.

‘असं बाळ वाचत नाही’ हे वाक्य मात्र खरोखर जीव घेतं. 2021 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासात गॅस्ट्रोस्किसिसची बाळं श्रीमंत देशांत दोन टक्क्यांहून कमी, तर मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे 32 टक्के दगावली. व्यंग तेच; फरक पडला तो वेळेत मिळालेल्या उपचारांचा.

चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या पाड्यावर असं बाळ जन्मलं, तर आतडी आत ढकलू नये. ओलं फडकं गुंडाळल्याने बाळ गार पडतं. स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बाळाला पायांकडून काखेपर्यंत घालून वरून ऊब द्यावी, उजव्या कुशीवर ठेवावं, मधाचं बोटसुद्धा चाटवू नये आणि 108ला फोन लावावा. पुढच्या रुग्णालयात बालशल्यचिकित्सक आहे का, हे निघतानाच विचारून घ्यावं.

बाळासोबत बाप जातो, बाळंतीण ‘सव्वा महिना’ म्हणून घरी राहते. तिची तब्येत बरी असेल तर तिलाही न्यावं. आतडी आत बसवल्यावर तिचं काम सुरळीत व्हायला कित्येकदा काही आठवडे जातात आणि तोंडाने पाजायला सुरुवात होते, तेव्हा आईचंच दूध सगळ्यात चांगलं मानतात. तोवर तिने दर दोन-तीन तासांनी दूध पिळून काढत राहावं, नाहीतर ते आटतं.