रोटरला वायरच नाही, मग मोटर फिरते कशी?

आजचा भाग आमच्या विहिरीवरचा.

कांदा पोसायला लागला होता. रात्री लाइट आली, ऑटो स्विचनं मोटर चालू केली, पण एक फेज गायब होता. सकाळी गेलो तर जळक्या वार्निशचा वास! रिवायंडिंगवाल्या काकांनी मोटर खोलली, रोटर माझ्या हातात दिला. मी विचारलं, "काका, याला वायर कुठं जोडता?" काका म्हणाले, "जोडतच नाही."

मग हा फिरतो कसा? उत्तर दहावीच्या पुस्तकात आहे: विद्युतचुंबकीय प्रवर्तन. 1831 मध्ये लंडनमध्ये मायकेल फॅरडेनं तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केलं, तर तारेत करंट आला. चुंबक नुसतं धरून ठेवलं तर शून्य. म्हणजे चुंबक असून भागत नाही, चुंबकत्व बदलत राहावं लागतं. बदल जितका जलद आणि वेढे जितके जास्त, तितका व्होल्टेज जास्त.

आपल्या अकोले तालुक्यात प्रवरेवर 1926 साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण आहे. तिथल्या वीजघरात पाणी टर्बाइन फिरवतं, टर्बाइन चुंबक फिरवतं आणि भोवतीच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. गावातल्या डीपीतही हेच तत्त्व. आत दोन वेटोळी, एकमेकांना न जोडलेली. एसी करंट सेकंदाला 50 आवर्तनं करतो, म्हणून चुंबकत्व सतत बदलतं. जास्त वेढ्यांकडून कमी वेढ्यांकडं येताना 11,000 व्होल्टचे 400 च्या आसपास होतात.

आता मोटर. तीन फेजचे करंट एकामागून एक चढतात-उतरतात, त्यामुळं वेटोळ्यांतलं चुंबकत्व गोल फिरतं. दोन पोलच्या मोटरीत मिनिटाला 3000 फेरे. त्यानं रोटरच्या पट्ट्यांत करंट तयार होतो आणि रोटर मागं ओढला जातो. पण मोटरीच्या पाटीवर बघा, 2880 च्या आसपास आकडा असतो. का? रोटरनं चुंबकत्वाला गाठलं, तर त्याच्यापुरता बदलच संपला. बदल नाही, तर करंट नाही, जोर नाही. म्हणून तो कायम थोडा मागंच राहतो.

एक फेज गेला की चुंबकत्व गोल फिरत नाही, जागच्या जागी मागं-पुढं होतं. थांबलेला रोटर सुरूच होत नाही. मोटर नुसती घूं-घूं करते, नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. चालू मोटरचा फेज गेला, तर ती फिरत राहते, पण उरलेल्या फेजवर ताण येऊन तीही तापते.

म्हणून घूं-घूं ऐकू आली की लगेच स्टार्टर बंद करा. ऑटो लावलाय? मग सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर पण लावा. आणि फ्यूज टाकायला स्वतः डीपीवर चढू नका, वायरमनला बोलवा. मोटर पुन्हा भरता येते, माणूस नाही.

आमचा कांदा थोडा बारीक राहिला, पण धडा मोठा मिळाला. भेटू पुढच्या भागात!