दहावीनंतर हात सोडू नका

"बाई, आपल्याकडच्या एखाद्या लेकराच्या शिक्षणाचा खर्च मला उचलायचाय. पैसे कुठं पाठवू?"

परदेशात स्थायिक झालेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे असे फोन मला दिवाळीच्या आसपास हमखास येतात. कुणी न्यू जर्सीत असतो, कुणी म्युनिकला, कुणी दुबईत. परभणी जिल्ह्यातल्या मानवत आणि सेलू तालुक्यांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत मी आयुष्यभर शिकवलं. निवृत्तीनंतर एकल मातांचे अर्ज भरून देणं आणि पोरींसाठी वसतिगृह शोधणं हेच माझं काम झालं आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो आणि दर वेळी मला बरं वाटतं. पण पैसे कुठं पाठवायचे हे ठरवण्याआधी ते कशासाठी, किती वर्षं आणि कुणामार्फत द्यायचे, याचा विचार झाला पाहिजे.

ही रीत कुठून आली?

दूर देशातल्या एका मुलाचा खर्च एका कुटुंबाने नेमाने उचलायचा, ही रीत जगभर पसरली ती युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातली मुलं उपाशी मरत होती. त्यांच्यासाठी इग्लंटाइन जेब यांनी १९१९ मध्ये लंडनला 'सेव्ह द चिल्ड्रेन' ही संस्था सुरू केली. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात जॉन लँगडन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराला होसे नावाचा एक लहान मुलगा भेटला. त्याच्याजवळ वडिलांची चिठ्ठी होती. सांतांदेर शहर पडलं की मला गोळी घालतील, ज्याला माझा मुलगा सापडेल त्याने त्याला सांभाळावं, असा तिचा आशय होता. त्यातून पुढे 'प्लॅन इंटरनॅशनल' उभी राहिली. कोरियातल्या युद्धाच्या काळात 'वर्ल्ड व्हिजन' आणि 'कम्पॅशन' या संस्था निघाल्या. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये 'अ‍ॅक्शनएड' सुरू झाली, तेव्हा तिचे ८८ देणगीदार भारत आणि केनियातल्या ८८ मुलांचा खर्च उचलत होते.

महाराष्ट्राची या प्रकाराशी ओळख मात्र याहून जुनी आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत गावोगाव भाषणं देत फिरल्या आणि १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. ठिकठिकाणी 'रमाबाई मंडळं' निघाली. हिंदुस्थानातल्या विधवा मुलींच्या शिक्षणासाठी दहा वर्षं दरवर्षी वर्गणी देऊ, असं वचन त्या मंडळांच्या सभासदांनी दिलं होतं. त्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. १८९९-१९०० च्या दुष्काळातही अहमदनगर भागातल्या अमेरिकन मराठी मिशनने पोरकी मुलं मोठ्या संख्येने सांभाळली, तीही अमेरिकेतून येणाऱ्या मदतीवर.

रमाबाईंच्या या कहाणीत आजच्या देणगीदाराने घ्यावेत असे दोन धडे आहेत. दहा वर्षांचं वचन हा पहिला. एक मुलगी शिकून पायावर उभी राहायला किती काळ लागतो, हे त्या मंडळांच्या सभासदांना कळलं होतं. दुसरा धडा कडू आहे. सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, या आरोपावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सदनाचं सल्लागार मंडळ सोडलं. या वादात कुणाची बाजू किती खरी होती, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. माझ्यापुरतं मी एवढंच घेते, की लेकराच्या श्रद्धेवर, जातीवर किंवा मतावर देणगीदाराचा हक्क पोचता कामा नये. मदतीच्या बदल्यात असं काही मागितलं जात असेल तर ती मदत घेऊ नये.

पैसा नेमका कुठं जातो?

मोठ्या परदेशी संस्थांची पद्धत साधारण एकसारखीच असते. देणगीदाराला मुलाचा फोटो आणि माहिती मिळते, दरमहा ठरावीक रक्कम त्याच्या खात्यातून वळती होते, वर्षाला मुलाचा प्रगती अहवाल येतो आणि मधूनमधून पत्रं येतात. पण ती रक्कम त्या मुलाच्या हातात पडत नाही. बहुतेक संस्था अनेकांचे पैसे एकत्र करून गावातल्या शाळेवर, आरोग्यावर, पाण्यावर किंवा शिकवणीच्या केंद्रावर खर्च करतात. ही पद्धत मला योग्य वाटते. एकाच लेकराला नवं दप्तर मिळालं आणि शेजारच्याला नाही, तर दोघांच्याही मनात अढी बसते. मात्र हे देणगीदाराला स्पष्ट सांगायला हवं. १९८२ मध्ये 'न्यू इंटरनॅशनलिस्ट' मासिकाने एकेका मुलाच्या नावाने देणगी घेण्याच्या रीतीविरुद्ध अख्खा अंक काढला. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या पत्रकारांनी स्वतः काही मुलांचे देणगीदार होऊन तपास केला, तेव्हा एक मुलगी वीज पडून वारलेली असूनही तिच्या नावाने पैसे घेतले जात असल्याचं उघड झालं. ती आफ्रिकेतल्या माली देशातली होती. त्यानंतर अनेक संस्थांनी आपले नियम कडक केले.

मग या मदतीचा उपयोग होतो का? होतो, आणि त्याचा भक्कम पुरावा आहे. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी भारतासह सहा देशांतल्या १० हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. 'कम्पॅशन'ची मदत मिळालेली मुलं इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती आणि मोठेपणी पगारी, पांढरपेशा नोकरीत जाण्याचं त्यांचं प्रमाणही जास्त होतं. याच अभ्यासकांपैकी दोघांनी पुढे इंडोनेशियातल्या मुलांनी काढलेली स्वतःची चित्रं तपासली. मदत मिळणाऱ्या मुलांच्या चित्रांत जास्त उमेद दिसली. आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे ही भावना लेकराला बळ देते, हे मी वर्गात रोज पाहिलं आहे.

कायदा आधी समजून घ्या

परदेशातून येणाऱ्या देणगीला आपल्याकडे परदेशी देणगी नियमन कायदा लागू होतो, ज्याला सगळे 'एफसीआरए' म्हणतात. हा कायदा १९७६ चा, २०१० मध्ये तो नव्याने आला आणि २०२० च्या दुरुस्तीने आणखी कडक झाला. आता परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून आपल्या खेड्यातल्या छोट्या संस्थेला पूर्वी जो पैसा मिळायचा, ती वाट यामुळे बंद झाली. त्याआधी, २०१७ मध्ये, याच कायद्याखालच्या अडचणींमुळे 'कम्पॅशन'ला भारतातलं काम गुंडाळावं लागलं, तेव्हा सुमारे १ लाख ४५ हजार मुलांचा आधार एकदम तुटला. निर्णय कुणाचा, दोष कुणाचा, हा वाद मोठ्यांचा. त्यातल्या अनेक लेकरांची शाळा मात्र अर्ध्यावर होती.

परदेशातल्या मराठी माणसाने एक नियम पक्का लक्षात ठेवावा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत दिलेली देणगी 'परदेशी' धरली जात नाही. ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलं, त्याची देणगी मात्र परदेशी ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड का असेना. अशी देणगी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. हे न पाहता पैसे पाठवले तर अडचणीत येते ती इथली संस्था.

परभणीत लेकरू कुठं अडतं?

आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्याने मोफत आहे. दुपारचं जेवण शाळेत मिळतं, पुस्तकं मिळतात. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. जुलै २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्कही माफ झालं आहे. एवढं असून पोरी गळतात, त्या दहावीच्या आसपास.

माझी एक विद्यार्थिनी सहावीत असताना तिच्या वडिलांनी कर्जापायी जीव दिला. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला आणि कापूस वेचायला जाते. दहावीपर्यंत पोरीवर फारसा खर्च झाला नाही आणि गुण उत्तम मिळाले. अकरावी विज्ञानासाठी परभणीला जायची वेळ आली, तेव्हा खोलीचं भाडं, मेस, शिकवणी असा सगळा खर्च एकदम पुढे आला. आई म्हणाली, "बाई, पैशाचं मी कसंबी करीन. पन पोरीला एकलीला परभनीत कुनाच्या भरवशावर ठिवू?" त्याच उन्हाळ्यात पोरीला स्थळं यायला लागली होती.

त्या माउलीला पैशांइतकीच वसतिगृहातली जागा आणि तिथं लक्ष ठेवणारं माणूस हवं होतं. दोन्ही मिळालं. परदेशात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने एका संस्थेमार्फत खर्च उचलला आणि बारावीनंतरही तो थांबला नाही. पोरगी आज नर्सिंग शिकते आहे.

गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर भागातल्या ऊसतोड कुटुंबांची अडचण वेगळी असते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दिवाळी झाली की नवरा-बायको कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतात. लेकरू मागे ठेवायचं तर आजी हवी किंवा हंगामी वसतिगृह हवं. ही सोय नसेल तर थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला फडात जाते आणि तिची शाळा तिथंच सुटते. इथं देणगीने मोठा फरक पडतो.

सरकारी मदतही मिळवायला हवी. बालसंगोपन योजनेतून अनाथ किंवा एकल पालकाच्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि बँकेचं पासबुक जमवावं लागतं. मग जिल्हा बाल संरक्षण कक्ष घरभेट देतो आणि बालकल्याण समिती आदेश काढते. मजुरी बुडवून हे कागद गोळा करणं एकट्या बाईला झेपत नाही. म्हणून मी फोन करणाऱ्यांना सांगते, तुमच्या पैशातून गावात एक असा कार्यकर्ता उभा करा, जो पन्नास लेकरांचे कागद पूर्ण करून देईल.

कुणाकडे द्यावं?

याच मातीतून उभी राहिलेली उदाहरणं आहेत. मानवत तालुक्यातल्या मंगरूळचे अशोक देशमाने पुण्यात संगणक अभियंता होते. त्यांनी २०१५ मध्ये भोसरीत 'स्नेहवन' सुरू केलं आणि मराठवाडा-विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची मुलं सांभाळायला घेतली. परभणीत डॉ. पवन चांडक यांची 'हार्क' संस्था एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी काम करते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. यातली कुठली निवडावी हे मी सांगणार नाही. पैसे देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात, एवढंच सांगेन. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का आणि ती दरवर्षी हिशेब सादर करते का? मुलं राहत असतील तर बाल न्याय कायद्याखाली वेगळी नोंदणी आहे का? मूल आईजवळ राहून शिकू शकत असेल तर संस्था त्यासाठी मदत करते का? आणि दहावीनंतर पुढे काय?

देणाऱ्यानेही काही पथ्यं पाळावीत. लेकराचा फोटो आणि नाव फेसबुकवर टाकू नये. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख जाहीर करायला कायद्यानेच मनाई आहे. स्टेजवर बोलावून हातात पाकीट देऊ नये. आभाराचं पत्र मागू नये, लेकराने आपण होऊन लिहिलं तर उत्तर जरूर द्यावं. सुट्टीत भेटायचं असेल तर संस्थेला आणि आईला विचारून, त्यांच्यासमोर भेटावं. आणि लेकराने काय व्हावं हे आपण ठरवू नये.

तुम्ही परदेशात असा, पुण्यात असा की परभणीत, एखाद्या लेकराचा खर्च उचलायचा विचार मनात असेल तर रक्कम लहान ठेवा पण मुदत मोठी धरा. आठवीतलं मूल निवडलंत तर त्याच्या पहिल्या पगारापर्यंतचा, म्हणजे साधारण आठ-दहा वर्षांचा हिशेब आजच मांडा. मध्ये तुमची नोकरी गेली किंवा आजारपण आलं तर आधार तुटू नये म्हणून चार मित्रांनी मिळून एक लेकरू घ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, दहावीच्या निकालाचे पेढे खाऊन थांबू नका. खरी गरज त्या दिवसानंतर सुरू होते.