भीती आधी पोहोचते, विचार नंतर



२२ जानेवारी २०२५, बुधवार. दुपार उलटून पावणेपाच वाजत आले होते. लखनौहून मुंबईकडे जाणारी पुष्पक एक्सप्रेस आपल्या पाचोऱ्याजवळच्या परधाडे स्थानकाच्या परिसरात होती. डब्यात आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली आणि घाबरलेल्या प्रवाशांनी खाली उड्या टाकल्या. शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस येत होती, आणि वळणामुळे ती लांबून दिसतही नव्हती. १३ जणांचा जीव गेला. आग मात्र लागलेलीच नव्हती.

नंतर वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, उतरताना त्यांनी बाजूला बघितलं का नाही?"

"अडाणी होते म्हणून" हे उत्तर सोपं आहे, पण चुकीचं आहे. त्या डब्यात आपण असतो तर आपणही कदाचित तेच केलं असतं. का, ते समजून घेऊ.

मेंदूतल्या दोन वाटा

रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला गेलेला शेतकरी बांधावर काळं, वेटोळं काहीतरी बघून झटकन मागे उडी मारतो. मग बॅटरी मारली की कळतं, ती ठिबकची नळी आहे. उडी आधी, ओळख नंतर.

जोसेफ लडू या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून याचं कारण दाखवलं. कानावर पडलेल्या आवाजाची खबर मेंदूत दोन वाटांनी जाते. एक जवळची वाट थेट अमिग्डालाकडे जाते. हा बदामाच्या आकाराचा छोटासा भाग, दोन्ही बाजूंना एकेक. दुसरी वाट लांबची, मेंदूच्या बाहेरच्या थरातून जाणारी. तिथे "हे नक्की काय आहे?" याची छाननी होते. जवळची वाट घाईची, पण ढोबळ. तिला साप आणि नळी यातला फरक कळत नाही. नळीला साप समजलं तर फक्त उडी वाया जाते, पण सापाला नळी समजलं तर जीव जातो. म्हणून निसर्गाने ही घाई ठेवली आहे.

शरीरात काय होतं?

अमिग्डालाने इशारा दिला की हायपोथॅलॅमसमार्फत मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना निरोप जातो आणि ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, रक्त पायांच्या स्नायूंकडे धावतं. वॉल्टर कॅनन यांनी शंभर वर्षांपूर्वी याला 'लढा किंवा पळा' अशी तयारी म्हटलं. त्याच वेळी लक्ष आकसतं. समोरचा धोका आणि सुटकेचं दार, एवढंच दिसतं. बाजूचा रूळ त्या नजरेत बसतच नाही.

त्यात भीती सांसर्गिक. आग स्वतः पाहावी लागत नाही, शेजाऱ्याचा चेहरा पुरतो. दहा जण दाराकडे धावले की अकराव्याला कारण विचारायची सवड नसते.

फळ्यासमोरचं पोर

हीच यंत्रणा आपल्या वर्गातही काम करते. पाढा घरी घडाघडा म्हणणारं पोर फळ्यासमोर आलं आणि सर ओरडले की गप्प होतं. "काल तर येत होतं!" असं आपण म्हणतो. येत होतंच. पण घाबरलेल्या मेंदूत विचार करणारा, कपाळामागचा भाग मागे पडतो. मुलांमध्ये तर तो भाग अजून घडतच असतो. विशीच्या मध्यापर्यंत त्याची वाढ चालते. म्हणून धाकाने पोर गप्प बसतं, पण शिकत नाही. "झोप नाहीतर बागुलबुवा येईल" हाही त्यातलाच प्रकार.

मग करायचं काय?

"घाबरू नकोस" म्हणून भीती जात नाही. भीतीच्या क्षणी नवीन काही सुचत नाही. आधी घोटून घेतलेलंच हातून घडतं. म्हणून:

१. शाळेत आगीची, भूकंपाची रंगीत तालीम फक्त सांगू नका, करून घ्या. वर्षातून एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

२. रेल्वेचा नियम मुलांच्या तोंडी बसवा: धूर दिसला तर शक्य असेल तिथे पुढच्या डब्यात जा, उतरावंच लागलं तर दुसऱ्या रुळाच्या बाजूला उतरू नका, आधी दोन्हीकडे बघा.

३. घाबरल्यावर श्वास सावकाश सोडायला शिकवा. लांब उच्छ्वासाने काळजाची धडधड कमी होते.

४. "मला भीती वाटते" हे बोलू द्या. भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची खळबळ कमी होते, असं प्रयोगांत दिसलं आहे. हसू नका, ऐकून घ्या.

५. मुलांसमोर आपण शांत राहा. ती आपला चेहरा वाचतात.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "बाळा, त्यांना बघायला वेळच मिळाला नाही. म्हणून आपण आजच बघायची सवय लावू." मग पोरांना वर्गाच्या दारात उभं केलं आणि बाहेर पाऊल टाकण्याआधी डावीकडे, उजवीकडे बघायला लावलं. पहिल्या दिवशी हसली. आता न सांगता बघतात.